सांगाड्यांच्या अभिनयाला गुण कोण देणार?

दिवाळीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, मडगावच्या रस्त्यांवर नरकासुर बघत फिरणारा माणूस 'हा राक्षस खरा वाटतो का' असा प्रश्न स्वतःला विचारत नाही. आत लोखंडी सळ्या किंवा बांबू, त्यावर गवत, गवतावर खळीने चिकटवलेले कागद आणि वर मुखवटा, हे सगळं त्याला ठाऊक असतं. पहाटे हा राक्षस जळणार आहे, हेही ठाऊक असतं. तरी तो थांबतो, मान वर करतो आणि निकाल देतो: याचा खांदा उतरलाय, त्याचे पाय शरीराचं ओझं पेलत नाहीत, हा नुसता उभा आहे, पण तो पलीकडचा अंगावर येतोय. वाड्यावाड्यावरची मुलं चवथ संपल्यापासून राबून हे पुतळे उभे करतात. त्यामुळे पुतळ्याचा तोल, झुकाव आणि रोख बघण्याची नजर गोव्यात लहानपणापासूनच तयार होते.

हाच माणूस जुना अद्भुतरम्य साहसपट बघायला बसला की ही नजर बाजूला ठेवतो आणि पहिल्या राक्षसालाच म्हणतो, "खोटं दिसतं." त्याच्या शेजारी बसलेला, समीक्षा वाचून आलेला, दुसरं वाक्य म्हणतो: "कथा नाही, अभिनय नाही, नुसत्या करामती आहेत." ही दोन्ही मतं मला सारखीच अपुरी वाटतात आणि दोन्हींचं कारण एकच आहे. या चित्रपटांत सर्वांत मोठा अभिनय हाडामांसाच्या नटांनी केलेलाच नसतो. तो एक माणूस, बंद खोलीत, वीतभर उंचीच्या बाहुलीकडून करून घेतो. त्या अभिनयाला गुण द्यायला ना प्रेक्षकाच्या कागदावर रकाना आहे, ना समीक्षकाच्या.

उदाहरण म्हणून १९६३ चा 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' घेऊ. दिग्दर्शक डॉन चॅफी, निर्माता चार्ल्स श्नीअर, संगीतकार बर्नार्ड हर्मन आणि दृश्यकरामतींचा कर्ता रे हॅरीहाउसन. लांबी १०४ मिनिटं. ग्रीक पुराणातला राजपुत्र जेसन सोनेरी लोकरीच्या शोधात आर्गो जहाजातून निघतो, वाटेत ब्राँझचा महाकाय टॅलोस, पंखवाल्या हार्पी, एकमेकांवर आदळणारे कडे, सात तोंडांचा हायड्रा आणि अखेर जमिनीतून उगवणारे सात सांगाडे भेटतात. या चित्रपटावर साठ वर्षं मतं दिली जात आहेत आणि त्यांत जवळपास प्रत्येक प्रकारची चूक सापडते.

आधी 'खोटं दिसतं' या तक्रारीकडे वळू, कारण ती प्रामाणिक आहे आणि तिला तांत्रिक कारणं आहेत. हॅरीहाउसनची पद्धत 'डायनामेशन' या नावाने विकली गेली. तिची पायरी अशी: खऱ्या नटांसह, खऱ्या जागेवर दृश्य चित्रित करायचं. ती फिल्म नंतर कार्यशाळेत एका छोट्या पडद्यावर मागून प्रक्षेपित करायची, एकेक चौकट (फ्रेम) थांबवून. पडद्यापुढे मेजावर बाहुली. बाहुलीच्या आत धातूचा सांगाडा, सांध्यांना गोळी-खोबणीचे जोड, बाहेर रबराची कातडी. कॅमेऱ्यासमोर काच, आणि मेजाची कड जिथे दिसेल त्या रेषेखालचा काचेचा भाग काळा रंगवलेला. बाहुली किंचित हलवायची, एक चौकट टिपायची, मागचं दृश्य एक चौकट पुढे न्यायचं, पुन्हा बाहुली हलवायची. तुकडा पूर्ण झाला की फिल्म मागे गुंडाळायची, आता काचेचा वरचा भाग काळा करायचा आणि फक्त खालचा भाग त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा टिपायचा. परिणामी बाहुली दृश्याच्या पोटात जाऊन बसते: मागेही खरी जमीन, पुढेही खरी जमीन.

यात दोन गोष्टी हटकून बिघडतात. पहिली, मागचं दृश्य फिल्मवरून पुन्हा फिल्मवर टिपलेलं असल्याने त्याचे कण मोठे दिसतात आणि रंग थोडे बदलतात. म्हणून राक्षस येण्याच्या एक क्षण आधीच चित्र खरखरीत होतं आणि सावध प्रेक्षकाला कळतं, आता काहीतरी येणार. नव्या, सुस्पष्ट प्रतींत हा फरक जास्तच डोळ्यांत भरतो. दुसरी गोष्ट, धावणारा माणूस चौकटीत किंचित पुसट उमटतो, कारण शटर उघडं असताना तो हललेला असतो. बाहुली मात्र प्रत्येक चौकटीत स्तब्ध असते, म्हणून ती कडक आणि स्वच्छ उमटते. पुसट माणसांच्या मध्ये धारदार सांगाडा. डोळ्याला जी 'थरथर' जाणवते ती ही. हे दोष आहेत, आणि ते मान्य करायला काहीच हरकत नाही. पण नरकासुराच्या पोटरीतून गवत डोकावतं, तोही दोषच असतो, आणि त्यावरून आपण नरकासुराची किंमत ठरवत नाही.

मग किंमत कशावरून ठरवायची? टॅलोसचा प्रसंग जवळून बघा. हर्क्युलीस आणि तरुण हायलास ब्राँझच्या बेटावर एका प्रचंड पुतळ्याच्या चौथऱ्यात शिरतात. आत देवांचा खजिना. हर्क्युलीस तिथून एक दागिन्याची पिन उचलतो. पिन एवढी मोठी की तो ती भाल्यासारखी वापरू म्हणतो. दोघं बाहेर येतात. वर गुडघ्यावर बसलेला तो पुतळा. हवेत शांतता. मग धातू कण्हल्यासारखा आवाज येतो आणि टॅलोसची मान वळते. बाकी शरीर जसंच्या तसं. फक्त मान, आणि तीही इतकी सावकाश की बघणाऱ्याला आधी वाटतं, आपल्यालाच भास झाला.

आता हा निर्णय कोणाचा? आयुष्यभर बाहुल्यांची हालचाल अधिकाधिक ओघवती करण्यासाठी झटलेल्या हॅरीहाउसनने इथे मुद्दाम उलट केलं. टॅलोस धातूचा आहे, शतकानुशतकं हलला नाही, म्हणून तो अडखळत, ताठर, सांधे करकरत चालला पाहिजे. त्याच ताठरपणाला आज कोणी 'जुन्या तंत्राची मर्यादा' म्हणतो तेव्हा तो नटाने केलेल्या लंगड्याच्या भूमिकेला 'नटाचा पाय दुखत होता' असं म्हणत असतो. शेवटी जेसन टॅलोसच्या टाचेतलं झाकण फिरवून काढतो आणि आतला द्रव वाहून जातो. त्यावेळी तो राक्षस दोन्ही हात गळ्याकडे नेतो, जणू श्वास कोंडला. ब्राँझच्या पुतळ्याला श्वास नसतो. तरी ती हालचाल बघताना त्याची दया येते, आणि एका क्षणापूर्वी त्याचीच भीती वाटत होती. नटाकडून आपण नेमकी हीच अपेक्षा ठेवतो.

सांगाड्यांची लढाई याहून गुंतागुंतीची. जेसन आणि त्याचे दोन साथीदार एका बाजूला, सात सांगाडे दुसऱ्या बाजूला. प्रत्येक सांगाड्याचं डोकं, दोन हात, दोन पाय धरले तर एका चौकटीसाठी कमीत कमी ३५ हालचाली, आणि सेकंदाला २४ चौकटी. त्यात प्रत्येक तलवारीचा घाव मागे प्रक्षेपित होणाऱ्या खऱ्या माणसाच्या घावाशी जुळला पाहिजे. काही दिवशी पडद्यावरचा एक पूर्ण सेकंदही तयार होत नसे. काही मिनिटांच्या या प्रसंगाला साडेचार महिने लागले. मध्येच एखादी हालचाल चुकली तर खोडरबर नाही, तुकडा पहिल्यापासून.

या लढाईत एक गोष्ट प्रेक्षक आणि समीक्षक दोघांच्याही नजरेतून सुटते. जेसन झालेला टॉड आर्मस्ट्राँग 'लाकडी' आहे, हे मत सगळीकडे वाचायला मिळतं. संवादांपुरतं ते बरोबर आहे. त्याचा आवाजसुद्धा त्याचा नाही, तो दुसऱ्या नटाकडून डब करून घेतला आहे. पण लढाई बघा. तलवारपट्टूंबरोबर सराव झाल्यावर प्रत्यक्ष चित्रणात समोर कोणीच नसतं. नटाने हवेत वार करायचा आणि तो हवेतच, ठरलेल्या बिंदूवर, ढालीवर आदळल्यासारखा अडवायचा. हात तिथे थांबला पाहिजे आणि धक्का खांद्यापर्यंत गेला पाहिजे. वार दोन इंच पुढे गेला तर नंतर सांगाड्याची ढाल तिथवर पोचणार नाही. ज्याला आपण लाकडी म्हणतो त्याने शरीराने केलेलं हे काम चोख आहे. दशावतार बघितलेल्याला हे समजावून सांगावं लागू नये. पखवाज आणि झांजांच्या तालावर दोन पात्रं युद्ध करतात तेव्हा तलवार कुठे थांबते, यावरच युद्धाचा रंग ठरतो.

सांगाड्यांच्या बाजूने म्हणाल तर, ते उगवल्याबरोबर धावत सुटत नाहीत. ढाल पुढे, गुडघे वाकलेले, एकेक पाऊल टाकत रांगेने येतात. ज्याची लोकर जेसनने पळवली त्या राजाचा हुकूम झाल्यावरही तीच संथ चाल, आणि मग एकदम किंकाळी फोडून झेप. हा थांबा कथेत लिहिलेला नसतो. तो बाहुलीच्या पायांत निर्माण करावा लागतो.

समीक्षकांच्या आक्षेपांत खरे कोणते, हेही सांगायला हवं; नाहीतर ही नुसती भक्ती होईल. सर्वांत मोठा दोष शेवटचा. जेसनच्या बापाचं राज्य बळकावणारा पेलियस हा कथेचा मूळ खलनायक. त्याचा हिशेब चुकताच होत नाही. सांगाड्यांपासून सुटून जेसन जहाजावर पोचतो, प्रेयसी मीडियाला जवळ घेतो आणि देवांचा राजा झ्यूस म्हणतो की याच्याशी खेळ पुन्हा कधीतरी. चित्रपट संपतो. पहिल्या वीस मिनिटांत पेरलेलं बी शेवटी उगवतच नाही. दुसरा दोष मीडिया. ग्रीक पुराणातली ही अतिशय बुद्धिमान, धोकादायक मांत्रिकीण इथे नाचणारी आणि वाचवली जाणारी एक मुलगी होऊन जाते. टॅलोसचा अंतही मूळ कथेत तिच्याच विद्येने होतो; इथे तो जेसनच्या खात्यावर गेला. हा बदल कथेला गरीब करतो, म्हणून तो वाईट.

पण 'मूळ पुराणाशी प्रामाणिक नाही' हा आक्षेप सरसकट घेतला जातो तेव्हा मी सहमत नाही. मूळ कथेत लोकरीची राखण न झोपणारा महासर्प करतो, इथे हर्क्युलीसच्या कथेतला हायड्रा आणून बसवला आहे. सर्पाचे दात जमिनीत पेरून योद्धे उगवतात हे मुळातलंच, पण त्यांचे सांगाडे केले ते चित्रपटाने. यात काय बिघडलं? पेडणे, डिचोली, सत्तरीच्या देवळांसमोर दशावतारी मंडळी रात्रभर आख्यान रंगवतात, तेव्हा हातात लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा ठरलेला, संवाद जागेवर सुचलेले. प्रेक्षक प्रश्न विचारतो तो असा: या बदलाने प्रसंग चढला की पडला? हायड्रा आणि सांगाड्यांमुळे तो चढला. मीडियामुळे पडला. एवढा फरक करता आला पाहिजे.

पाण्याचा प्रसंगही कच्चा आहे. आदळणाऱ्या कड्यांमधून समुद्रदेव ट्रायटन आर्गोला वाट करून देतो. ट्रायटन हा माणूसच, हौदात उभा, पुढे जहाजाची लहान प्रतिकृती. लहान प्रतिकृती मोठी भासवायची तर कॅमेरा जलद चालवून हालचाल संथ करावी लागते. नियम सोपा आहे: प्रतिकृती जेवढ्या पट लहान, तिच्या वर्गमुळाएवढ्या पट वेग. सोळापट लहान असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला ९६ चौकटी. याने लाटेचा वेग सुधारतो. पाण्याच्या थेंबाचा आकार मात्र सुधारत नाही. खऱ्या समुद्रात तुषार बारीक फवाऱ्यासारखे उडतात. हौदात थेंब जहाजाच्या मानाने नारळाएवढे दिसतात. मांडवी-झुवारीच्या मुखावर किंवा मिरामारला पावसाळ्यातली लाट बघणाऱ्या गोंयकाराला ही चूक लगेच जाणवेल आणि त्याने ती जरूर सांगावी. ही तक्रार नेमकी आहे. 'खोटं दिसतं' आणि 'थेंब मोठे दिसतात' या दोन वाक्यांत समीक्षेचा अख्खा प्रवास आहे.

आकड्यांचा विषय थोडक्यात. चित्रपट बघायचा की नाही हे हल्ली परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या टक्क्यांवरून ठरतं. ते टक्के चित्रपट किती चांगला हे सांगत नाहीत, किती समीक्षकांना तो बरा वाटला एवढंच सांगतात. दहाही जणांनी दहापैकी सहा दिले तरी १०० टक्के होतात. सात जणांनी नऊ आणि तिघांनी चार दिले तर ७० टक्के, जरी सरासरी साडेसात असली तरी. जुन्या साहसपटांना दुसऱ्या प्रकारची मतं जास्त मिळतात: काहींचा जीव जडतो, काहींना बघवत नाही. म्हणून हा आकडा त्यांच्यावर अन्यायच करतो. आणखी एक गोम म्हणजे, जुन्या चित्रपटाची मोजली जाणारी बरीच परीक्षणं कित्येक दशकांनंतर लिहिलेली असतात, आणि ती लिहिणारा मुळात प्रेमापोटी त्या चित्रपटाकडे परतलेला असतो. त्यामुळे आकडा फुगूही शकतो. दोन्ही बाजूंनी अविश्वसनीय असलेल्या आकड्यावर रवींद्र भवनाच्या किंवा शाळेच्या चित्रपट मंडळाने निवड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या काळच्या जाणकारांनीही या कामाला दाद दिली नव्हती. १९६३ च्या ऑस्करमध्ये दृश्यकरामतींच्या विभागात 'क्लिओपात्रा' आणि 'द बर्ड्स' या दोघांनाच नामांकन होतं. साडेचार महिन्यांच्या त्या लढाईला नामांकनसुद्धा नाही. हॅरीहाउसनना अकादमीने गौरवलं ते १९९२ मध्ये, गॉर्डन ई. सॉयर पुरस्कार देऊन. एकोणतीस वर्षांनी.

आता गोव्याचा प्रश्न. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इथे मुक्कामाला आहे. नोव्हेंबरात पणजीत जगभरचे चित्रपट दिसतात, प्रतिनिधींच्या रांगा लागतात. पण बाकी अकरा महिने वाळपई, काणकोण, सांगेच्या मुलांसमोर जुना चांगला साहसपट मोठ्या पडद्यावर येतो का? हे चित्रपट मोबाइलवर बघून मुलं नाकारतात आणि आपण मान डोलावतो. सभागृहं आपल्याकडे आहेत: मडगाव, सांखळी, कुडचडे, वास्कोची रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर. तिथे वर्षातून चार खेळ लावणं अवघड नाही. मात्र ते नीट लावले पाहिजेत, नाहीतर उलट परिणाम होतो.

पहिलं काम हक्कांचं. घरासाठी घेतलेली डिस्क किंवा ऑनलाइन सभासदत्व सार्वजनिक खेळाला चालत नाही. हक्कधारकाची किंवा त्याच्या वितरकाची लेखी परवानगी घ्या आणि त्याच वेळी चांगली प्रत मागा. जुन्या 'पाल' (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी टाळा. त्यांत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, चित्र चार टक्क्यांनी जलद होतं, १०४ मिनिटांचा चित्रपट १०० मिनिटांत आटोपतो आणि संगीताची पट्टीही चढते. हर्मनने या चित्रपटासाठी व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं गाळून पितळी वाद्यं, सुषिर वाद्यं आणि तालवाद्यांवर सगळा भार टाकला आहे. पट्टी चढली की टॅलोसचं वजनच उतरतं. त्याच कारणाने प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर भागवू नका. सभागृहाची ध्वनियंत्रणा जोडा आणि खालचे सूर ऐकू येतात का ते मुलं येण्याआधी तपासा.

दुसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: प्रोजेक्टर किंवा टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. एलजीत ते ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी अशा नावाने असतं. हे यंत्र दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवतं. क्रिकेटला ते खपतं. इथे ते सांगाड्यांच्या बारीक तलवारी तोडतं, फासळ्यांभोवती झळाळ उमटवतं आणि टॅलोसचा मुद्दाम केलेला अडखळा इस्त्री केल्यासारखा सपाट करतं. साडेचार महिने हाताने ठरवलेली हालचाल एका बटणाने पुसली जाते. अनेकांना 'खोटं' वाटतं ते याच बटणामुळे. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. चित्र रुंद पडद्यावर ताणू नका. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

मध्यंतर हार्पी जाळ्यात सापडल्यानंतर द्या, तिथे कथाच श्वास घेते. सुरुवातीला भाषण नको. झ्यूस, हेरा, हर्क्युलीस कोण, एवढं सांगणारं मराठीतलं एक पान पुरे. आणि करामत कशी केली हे आधी दाखवू नका. ते नंतर, आणि तेही करून: पाचवी-सहावीच्या मुलांना तारेचा एक माणूस, एक मोबाइल आणि एक स्टँड द्या आणि पाच सेकंदांची चाल टिपायला सांगा. सेकंदाला बारा चौकटी धरल्या तरी साठ वेळा हात लावावा लागतो. विसाव्या चौकटीला कोणाचा तरी स्टँडला धक्का लागतो. मागचा पाय किती पुढे नेला होता हे आठवत नाही, म्हणून माणूस घसरत चालल्यासारखा दिसतो. हे एकदा हाताने केलेलं मूल सांगाड्यांकडे पुन्हा वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

खेळानंतर 'आवडला का?' विचारू नका. 'पाचपैकी किती?' तर नकोच. विचारा: सर्वांत जड कोण वाटलं, टॅलोस की हायड्रा, आणि ते कशावरून कळलं? सांगाड्यांना भीती वाटते का? कुठली चूक दिसली आणि ती कशामुळे झाली असेल? पेलियसचं पुढे काय व्हायला हवं होतं? आणि शेवटी हा एक: टॅलोसने मान वळवली, तेव्हा त्याने त्या दोघांना पाहिलं हे तुम्हाला कसं कळलं? त्याच्या डोळ्यांत तर बुबुळंच नव्हती.